कॅराव्हॅनचा तळ दर पावसाळ्यानंतर पुन्हा मऊ पडतो: आधी पाण्याची वाट शोधा, मग प्लायला हात लावा

पोळा होऊन गेला की नागपुरात अशा तक्रारी सुरू होतात. "भाऊ, किचनपाशी पाय ठेवला की खाली दबून राहिलं. मागच्या वर्षीच तर नवीन प्लाय मारला होता नं!" गाडी, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली कॅराव्हॅन, कधी ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेली असते, कधी विंगर व्हॅनवर, कधी दुसऱ्या गाडीमागे ओढायची ट्रेलर. पण "मागच्या वर्षीच तर" हे शब्द बहुतेक वेळा असतातच. हे लिखाण मुख्यतः त्या दुसऱ्या खेपेसाठी आहे. तळ एकदा मऊ पडणं समजू शकतं. दुरुस्तीनंतर त्याच जागी पुन्हा पडला, तर बहुधा प्लाय बदलला गेला आणि पाणी तसंच येत राहिलं.

कोणत्या प्रकारचा मऊपणा आहे?

चटया, पायपुसणी, सगळं बाहेर काढा आणि अनवाणी चाला. बुटात कळत नाही. जिथे टाच दबते तिथे खडूने खूण करत जा. मग पेचकसाच्या मुठीने ठोकत ठोकत त्या खुणेची हद्द काढा. धडधाकट जागेचा आवाज घट्ट येतो, सुटलेल्या जागेचा पोचट. हद्द काढली की एक-दोन ठिकाणी, शक्यतो पलंगाखाली किंवा कपाटाखाली, व्हिनाइल (तळावरचं प्लास्टिकचं आवरण) उचलून पेचकसाचं टोक लाकडात दाबून बघा.

टोक आत जात नाही, लाकूड कडक आहे, पण तळ दबून वर उसळतो आणि करकरतो. असं असेल तर प्लाय कुजलेला नाही, त्याचा डिंक सुटलाय. ट्रेलर-कॅराव्हॅनमध्ये आणि पॅनलच्या गाड्यांमध्ये तळ सँडविचचा असतो: वर-खाली जेमतेम ४–५ मिमीचा प्लाय, मध्ये थर्माकोल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोम, सगळं मिळून साधारण ४० मिमी. यातला एकही थर एकटा माणसाचं वजन पेलू शकत नाही. ताकद येते ती तिन्ही थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे. दारातून आत आल्यावर पहिलं पाऊल पडतं ती जागा, ओट्यासमोरची आणि पलंगावरून उतरायची, या तीन ठिकाणी चिकटपणा आधी सुटतो. त्याला पाणी लागतंच असं नाही. रोजची ये-जा आणि उन्हात तापून नरम पडलेला डिंक एवढं पुरतं.

टोक आत शिरलं, लाकूड काळपट आहे, भुगा निघतोय किंवा चौकोनी तुकड्यांत तुटतंय, कुबट वास येतोय, तर ती कुज. इथे इंजेक्शन, रेझिन (हार्डनर कालवून भरायचा, नंतर घट्ट होणारा पातळ पदार्थ) वगैरे काही चालत नाही. कापून काढावं लागतं.

वरचा पापुद्रा कागदासारखा शाबूत आणि आत मातीच्या नळ्या असतील तर वाळवी. हिंगणा रोडच्या नाहीतर उमरेडकडच्या शेतात, फार्महाऊसवर महिनोन्महिने मातीत उभ्या राहिलेल्या गाड्यांमध्ये हे दिसतं. जॅकखाली लाकडाचा ठोकळा ठेवला असेल, तर वाळवीला तुम्ही जिनाच बांधून दिला आहे.

टोचून, ठोकून सगळं नीट वाटतं, तरी एक अख्खी पट्टीच्या पट्टी खाली जाते? मग गाडीखाली जाऊन आडव्या चॅनलवर, चौकोनी पाइपवर हातोडीने ठोकून बघा. गंजाची खपली पडली, पाइपला भोक पडलं किंवा स्क्रूचं नुसतं डोकंच शिल्लक असेल, तर दोष लोखंडाचा आहे. आणि शेवटचा प्रकार: काहीच खराब नाही, मुळात बांधतानाच दोन आधारांमध्ये दोन-दोन फूट अंतर ठेवून वर १२ मिमीचा प्लाय टाकलाय. तो पहिल्या दिवसापासून लचकत असतो, मालकाचं लक्ष उशिरा जातं. याला खालून मध्ये एक आडवा पाइप बसवला की काम संपलं, पुढचं वाचायची गरज नाही.

ओल मोजताना नागपूरचा महिना बघा

लाकडातली ओल मोजणारा दोन सुयांचा मॉइश्चर मीटर घ्या, महागडा नको. कॅराव्हॅनच्या लाकडासाठी साधारण हिशोब असा: १५ टक्क्यांच्या खाली ठीक, १५ ते २० मध्ये लक्ष ठेवा, २० च्या वर पाणी येतंय, ३० च्या वर कुज सुरू झाली असं धरून चाला. बुरशीला लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल लागते. त्याखाली ती वाढत नाही.

पण हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे वापरले तर फसायला होतं. ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की पूर्ण कोरड्या गाडीचं लाकूडही १६–१७ दाखवेल. लोक घाबरून तळ उखडायला घेतात. उलट एप्रिल-मेमध्ये, हवा कोरडीठाक असताना, चांगलं लाकूड ५–६ वर येतं. तेव्हा सगळीकडे ५ आणि बाथरूमच्या कोपऱ्यात १२ दिसलं, तर पुस्तकी हिशोबाने ते "ठीक" आहे, पण माझ्या मते गळती तिथेच आहे. म्हणून एकटा आकडा बघू नका. गाडीतलीच एखादी खात्रीची कोरडी जागा, उदाहरणार्थ पलंगाखालचा मध्यभाग, आधी मोजा आणि बाकीचे आकडे तिच्याशी ताडून बघा. सुया स्क्रूला, खिळ्याला किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलला लागल्या तर मीटर काहीही दाखवतो, तेवढं सांभाळा.

पाणी येतं कुठून

इथे वेळ घालवा. दुरुस्तीपेक्षा जास्त घालवला तरी चालेल.

पहिली गोष्ट, मऊ जागेच्या बरोबर वर भोक शोधू नका. पाणी छताच्या सांध्यातून शिरतं, भिंतीच्या आतल्या पट्टीवरून सरकतं, खाली उतरतं आणि मग उताराला जातं. आता उतार कुठे, हे गाडी कशी उभी असते त्यावर ठरतं. घरासमोरच्या रस्त्याला गटाराकडे उतार असतो आणि गाडी वर्षाचे दहा महिने तिथेच, एकाच कुशीवर उभी असते. मागची खिडकी गळते आणि कुजतो दाराजवळचा कोपरा, हे मी वारंवार बघतो. गाडी नेहमी कुठल्या बाजूला झुकलेली असते हे आधी विचारा. मऊ जागेपासून वर, चढाच्या दिशेने शोध घ्या.

दुसरं, आपल्याकडे भेग पडते मेमध्ये आणि कळते सप्टेंबरमध्ये. नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. २०१३ च्या मेमध्ये तो ४७.९ ला पोचला होता. हे सावलीतलं तापमान, उन्हातल्या पत्र्याचं याहून कितीतरी जास्त. ४ मीटर लांब अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ५० अंशांच्या फरकाने जवळजवळ ५ मिमी वाढतो-आखडतो. तापलेल्या छतावर पहिला पाऊस पडला की तेवढा फरक काही मिनिटांत होतो. जुनं, वाळलेलं सीलंट एवढी ओढाताण सोसत नाही, कडेने सुटतं. फट डोळ्यांना दिसतही नाही, पण पाणी ओढून घ्यायला ती पुरते. म्हणून छताचे सांधे, व्हेंटची चौकट, एसीची चौकट, सोलर पॅनलचे पाय, खिडक्यांचे वरचे कोपरे आणि कॅनपीचे (बाहेरच्या सावलीच्या छपराचे) बोल्ट ही तपासणी मृग लागायच्या आधी करायची असते.

तिसरं, पाऊस नसतानाही येणारं पाणी. यात कूलर पहिला. कॅराव्हॅनमध्ये कूलर कोण ठेवतं, असं पुण्याचा माणूस विचारेल. इथे गाडी घराशी उभी असताना खिडकीला कूलर लावून आतमध्ये दुपारची झोप काढणारे मला माहीत आहेत. एसीला जास्त वीज लागते, कूलर घरच्या साध्या वायरीवर चालतो. खसच्या ताट्यांतून उडणारे तुषार, टाकीचा ओव्हरफ्लो, पंपाची निसटलेली नळी, हे सगळं खिडकीखालच्या तळात जातं. त्यानंतर छतावरच्या एसीची ड्रेन नळी: ती वाकली किंवा तिच्यात धूळ साचली की पाणी छताच्या आतून फिरतं. मग बाथरूमच्या ट्रेचा सांधा, सिंकखालचा पाइप, पाण्याच्या टाकीचं तोंड.

टाकीचं पाणी की पावसाचं, हे ओळखायला एक सोपा उपाय आहे. पिण्याच्या टाकीत थोडा खायचा लाल रंग टाका आणि दिवसभर सिंक, शॉवर वापरा. तळाशी ठेवलेल्या वर्तमानपत्राला लाल डाग पडला तर छताकडे बघायची गरज नाही. नंतर टाकी दोन-तीनदा धुवा, नाहीतर पुढच्या सहलीला चहाचा रंग बघून लोक विचारतील.

पावसाची गळती शोधायला पाइपने पाणी मारायचं, पण खालून वर. आधी चाकाच्या कमानी आणि खालचा सांधा, दहा मिनिटं. मग खिडकीची खालची कड. मग वरची. छत शेवटी. एक माणूस आत टॉर्च घेऊन बसलेला हवा. थेट छतावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आत तळावर पांढऱ्या रांगोळीची बारीक रेघ भिंतीलगत ओढून ठेवा. जिथे पाणी येईल तिथे रेघ विरघळल्यासारखी होते आणि वाटही दिसते. प्रेशर वॉशर मात्र वापरू नका, तो चांगले सांधेही उघडतो.

चौथं, खालून. चाकाच्या कमानीत चिखल साचतो. ताडोबा, पेंच, रामटेककडच्या आतल्या रस्त्यांवरून येणाऱ्या गाड्यांच्या कमानीत काळी माती थापून बसलेली असते. ती ओल धरून ठेवते आणि वाळायला आठवडे लागतात. तिच्या मागे प्लायची कापलेली कड उघडी असेल तर ती पाणी पीत राहते. प्लाय पृष्ठभागावरून जेवढं पाणी घेतो त्याच्या कितीतरी पट कडेने घेतो. पाइप, वायर, गॅसची नळी यांच्यासाठी तळाला पाडलेली भोकं म्हणजेही कापलेल्या कडाच. पावसाळी सहलीनंतर गाडी वरून चकचकीत धुतात आणि कमानीत कोणी हातही घालत नाही.

आणि पाचवं, जे सांगितलं की लोकांना राग येतो. सहलीहून आल्यावर घरच्या फरशीसारखी बादलीभर पाणी ओतून गाडी धुणं. व्हिनाइल वरून वॉटरप्रूफ असतं हे खरं, पण कडेने आत गेलेलं पाणी त्याच व्हिनाइलखाली अडकतं आणि वर यायला वाट राहत नाही. ओल्या फडक्याने पुसा, बादली नको.

कोरडं होऊ द्या

गळती सापडली की ती आधी बंद करा. छताच्या आणि खिडकीच्या सांध्यांना जुनं सगळं खरवडून काढून ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी), आणि वरून सिकाफ्लेक्ससारखं पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन वापरू नका. ते सुटल्यावर त्याचा जो तेलकट थर राहतो त्यावर नंतर काहीच चिकटत नाही, रंगही नाही.

मग थांबा. हीच गोष्ट होत नाही, कारण मिस्त्रीला काम संपवायचं असतं आणि मालकाला दिवाळीत फिरायला जायचं असतं. ओल्या प्लायवर रेझिन किंवा डिंक धरत नाही, आणि वरून बंद केलेली ओल आतल्या आत काम करत राहते. व्हिनाइल पूर्ण काढा, आतले झाकण-दरवाजे उघडे ठेवा, पंखा लावा. ऑक्टोबरची उष्णता इथे कामाला येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात या कामाचा सगळ्यात चांगला काळ, हवा कोरडी आणि ऊन सोसवेल इतपत. सँडविचच्या तळात फोम स्वतः फारसं पाणी पीत नाही, पण फोम आणि प्लाय यांच्यामध्ये पाणी साचून राहतं. तिथे वरच्या प्लायला काही भोकं पाडून हवा खेळवावी लागते. मीटर कोरड्या जागेच्या आकड्याशी जुळला की पुढे जा. मी तारीख धरत नाही, मीटर धरतो.

सुटलेला सँडविच: रेझिनचं इंजेक्शन

हे फक्त कोरड्या, न कुजलेल्या तळासाठी.

आधी गाडीखाली जाऊन बघा काय काय जातं: वायरी, गॅसची नळी, पाण्याचे पाइप, डिझेलची टाकी. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या. वरचा थर सुटलेला असेल तर फक्त वरच्या प्लायमधून फोमपर्यंत जायचं. खालून ठोकल्यावर तिथेही पोचट आवाज आला तर फोममधून खालच्या प्लायपर्यंत जा, पण तो फोडायचा नाही. १० मिमीची भोकं, १०० मिमीच्या अंतराने, जाळीसारखी. खडूने काढलेल्या हद्दीच्या बाहेरही एक रांग घ्या. भुसा व्हॅक्यूमने ओढून घ्या. फुंकून चालत नाही, तो आतच जातो.

आता रेझिन. पातळ, सहज वाहणारं इपॉक्सी हवं. हे अधोरेखित करतो, कारण नागपुरात कूलरच्या फायबर बॉडी बनवणारे कारागीर भरपूर आहेत, आणि "भाऊ, आमच्याकडं रेझिन हाय नं, त्याच्यानंच भरून टाका" असं प्रेमाने सांगणारेही. त्यांचं रेझिन पॉलिएस्टरचं असतं आणि त्यात स्टायरिन असतं. स्टायरिन थर्माकोल विरघळवतं. भरायला गेलात पोकळी आणि झाला खड्डा. इपॉक्सी थर्माकोलला त्रास देत नाही. भोकं थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने धुण्याचा मोहही त्याच कारणाने टाळा.

रेझिन आणि हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, वजनकाट्यावर मोजून. अंदाजाने ओतलं तर चिकट राहतं आणि मग कधीच सुकत नाही. एका वेळी १००–१५० ग्रॅमच कालवा. तापमान १० अंशांनी वाढलं की हातात असलेला वेळ जवळजवळ निम्मा होतो, त्यामुळे उन्हाळ्यात करायची वेळ आलीच तर पहाटे करा. मगमध्ये उरलेलं रेझिन तापून धूर काढतं. ते रुंद ताटलीत पसरून गाडीबाहेर ठेवा. हातमोजे घाला, दारं उघडी ठेवा.

मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. मधल्या भोकापासून सुरुवात करा आणि शेजारच्या भोकातून रेझिन वर येईपर्यंत भरा. वर आलं की पहिलं भोक लाकडी डॉवेलने (गोल खुंटीने) बंद, पुढच्यात सिरिंज. असं कडेपर्यंत. एखाद्या भोकात कितीही भरलं तरी वर येत नसेल तर थांबा आणि खाली जाऊन बघा, ते दुसरीकडून गळत असेल. सगळं झाल्यावर वर जाड पॉलिथिन, त्यावर सपाट फळी, फळीवर सिमेंटच्या गोण्या. त्याआधी खालून तळाला फळी आणि जॅकचा आधार द्या, नाहीतर वजनाने तळ खाली वाकतो आणि वाकलेलाच घट्ट होतो. २४ तास हलवू नका. मग डॉवेलची डोकी पटाशीने सपाट करा, पॉलिश पेपर मारा, तळ तयार.

जागा फार मोठी असेल, म्हणजे अर्ध्याहून अधिक तळ पोचट वाजत असेल, किंवा फोमच दबून चुरा झाला असेल, तर इंजेक्शनवर पैसे घालवू नका. वरचा प्लाय कापून काढा, त्याच जाडीचा नवीन फोम पीयू डिंकाने चिकटवा आणि वर नवीन प्लाय.

कुजलेला तळ: कापणं आणि जोडणं

दिसते तेवढीच कुज कापली तर पुढच्या वर्षी नव्या तुकड्याच्या कडेने पुन्हा सुरुवात होते. काळं दिसणं थांबतं तिथून पुढे किमान १०० ते १५० मिमी चांगल्या लाकडात जा, आणि रेघ अशी निवडा की ती आडव्या पाइपच्या मधोमध येईल. जुन्या आणि नव्या प्लायला दोघांनाही टेकायला जागा हवी. पाइपपर्यंत जाता येत नसेल तर सांध्याखाली १०० मिमी रुंदीची प्लायची पट्टी डिंक आणि स्क्रूने बसवा. कटरची खोली प्लायच्या जाडीइतकीच ठेवा. खालून वायर कापून घेण्याचे किस्से गॅरेजमध्ये रोज ऐकायला मिळतात.

उघड्या पडलेल्या चांगल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं गरम पाण्यातलं द्रावण ब्रशने पाजा आणि वाळू द्या. बुरशी आणि वाळवी दोन्हींवर चालतं, आणि ज्या जागेत आपण झोपणार तिथे तीव्र कीटकनाशक फवारण्यापेक्षा बरं. लोखंड दिसतंय तोवर त्याचंही करून घ्या: वायर ब्रश, इपॉक्सी प्रायमर, रंग. पाइप बदलायचा असेल तर वेल्डिंग चासीचं काम जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. बॅटरीची दोन्ही टर्मिनल आधी काढा, आसपासचा फोम मागे सरकवा. थर्माकोल आणि पीयू ठिणगीने पेटतात, आणि डिझेलची टाकी कुठे आहे हे वेल्डरला माहीत नसतं.

प्लायसाठी लकडगंज, नागपूरचा लाकडाचा बाजार. पण "वॉटरप्रूफ आहे" या शब्दावर विश्वास ठेवू नका, दुकानात सगळंच वॉटरप्रूफ असतं. आयएसआय शिक्क्याखाली आयएस ७१० हा क्रमांक बघा. तो मरीन प्लाय, ७२ तास उकळत्या पाण्यात टिकण्याच्या कसोटीचा. आयएस ३०३ मधला एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) प्रकार फर्निचरचा आहे, तो इथे नको. शंका असेल तर एक तुकडा मागून आणा, जुन्या पातेल्यात तीन-चार तास उकळा. एवढ्यात थर सुटले तर शिक्का कोणताही असो, परत करा. बसमध्ये वापरतात तो चेकर्ड प्लायही चांगला, वरचा थर घासला जात नाही, फक्त कापलेल्या कडा त्याच्याही उघड्याच असतात.

नवा तुकडा बसवण्याआधी त्याच्या सगळ्या कडा, खालची बाजू आणि पाइपांसाठी पाडलेली भोकं आतून, यांना पातळ इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या. सगळ्या कामातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. मिस्त्री प्लाय आधी बसवतो आणि मग वरून ब्रश फिरवतो. कड तेव्हा बंद झालेली असते. समोर उभं राहून करून घ्या. पाइपावर पीयू सीलंटची रेघ, वर प्लाय, सांध्यात २–३ मिमी फट ठेवून तीही सीलंटने भरायची. स्क्रू स्टेनलेसचे, डोकं आत बसणारे, कडेने साधारण १५० मिमीवर. प्रत्येक भोकात स्क्रूआधी सीलंटचा थेंब. खिळे नकोत, गाडी हलते आणि खिळे वर येतात.

हे करू नका, कितीही आग्रह झाला तरी

"काही होत नाही भाऊ, वरून एक बारा एमएम मारून देतो, हत्ती नाचला तरी हलनार नाही." बारा एमएमची एक आठ बाय चारची शीट साधारण २२–२५ किलोची असते. गाडीचं वजन वाढतं, दार अडकतं, आणि खालची कुज आता हवा लागण्यापासूनही वाचली. दोन पावसाळ्यांनी दोन्ही थर काढावे लागतात.

खालून डांबर फासणं हे दुसरं. कोरड्या, नीट बंद केलेल्या तळाला खालून कोटिंग चांगलंच. ओल्या तळाला डांबर म्हणजे ओल कोंडणं. डब्यातला फुगणारा पीयू फोम भोकातून सोडणं तिसरं. तो फुगताना वरचा प्लाय उचलतो आणि चिकटलेला भागही सुटतो. आणि एम-सील? नळाच्या सांध्याला उत्तम. पण तळ सतत हलतो, त्यात ते भेगाळतं.

दुरुस्तीनंतर

व्हिनाइल लगेच पूर्ण चिकटवू नका. एक पावसाळा जाईपर्यंत नुसतं अंथरा, कडा भिंतीच्या पट्टीखाली दाबून ठेवा, म्हणजे कोपरा उचलून मीटर लावता येईल. पलंगाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तळाचा कच्चा नकाशा काढा, सात-आठ ठिकाणं ठरवा आणि तिथले आकडे तारखेसह लिहीत जा. मृगाच्या आधी एकदा, पहिल्या जोरदार पावसानंतर एकदा, पोळ्याच्या सुमारास एकदा. गाडी मातीत उभी असेल तर जॅकखालचे लाकडी ठोकळे काढून दगडी फरशीचे तुकडे ठेवा, आणि घरासमोर उभी करताना दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड फिरवून लावा, म्हणजे झुकाव एकाच कोपऱ्यावर राहत नाही.

पहिल्या जोरदार पावसानंतर सगळे आकडे सारखेच दोन-तीन अंकांनी वाढले तर ती हवा आहे, सोडून द्या. एकच आकडा पळाला तर त्याच रात्री गाडीवर ताडपत्री टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा मोजा. उतरला तर गळती वरची, छत आणि खिडक्या बघा. ताडपत्री असूनही चढतच राहिला तर टाकी रिकामी करा, कूलरची नळी काढा आणि सिंकखाली टॉर्च मारा.